उणे चार : जपानमधले सात दिवस आणि जुनी गाणी

दिवस पहिला, निशी-कसाई

तोक्योत लेकीच्या घरी बॅग टेकवली, चहाला आधण ठेवलं, तेवढ्यात खालून बेल वाजली. ओनेसान आली होती. हातात संत्र्यांची पिशवी, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि दार उघडताच तिचं ते पुणेरी "ताई, कशी आहेस?"

आमचं नातं असं की आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो. 'ओनेसान' म्हणजे जपानीत थोरली बहीण. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याची बदली चाकणच्या एका कारखान्यात झाली तेव्हा मी तिथे दुभाषी होते. जपानी मी शिकले फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत. तीन वर्षं ती पुण्यात राहिली आणि त्या तीन वर्षांत आमचा सकाळचा फेरा ठरलेला होता, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. ही दहा एकरांची बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण. आणि ओनेसान नेमकी ओकायामाकडची. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा ती पुलावर थांबून राहिली आणि मग हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायला लागली. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पुढच्या खेपेला जपानला आलीस की सांगेन. ते नुसतं सांगण्याचं गाणं नाही, खोलीत बसून म्हणण्याचं आहे."

ती खेप आत्ता आली. यंदा ती साठीची झाली. साठ वर्षांचं चक्र पुरं झालं की जपानमध्ये 'कानरेकी' साजरी करतात, आपल्या साठ संवत्सरांच्या फेऱ्यासारखीच ही मोजणी. तिच्या शाळेच्या वर्गमैत्रिणी त्यासाठी ओकायामात जमणार होत्या. "तू चल," ती म्हणाली होती, "पण सरळ नाही जायचं. आधी उत्तरेला, मग खाली."

संध्याकाळी लेकीनं स्टेशनजवळच्या कराओकेत दोन तासांची खोली घेतली. निशी-कसाईत भारतीय कुटुंबं खूप. स्टेशनबाहेर दोनदा मराठी कानावर पडलं. लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेलो. एक लहानशी खोली, बाकासारखे सोफे, टीव्ही, दोन माइक, एक खुळखुळा आणि टॅब्लेट. या टॅब्लेटला सगळे 'देनमोकु' म्हणतात. पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड गाण्यांची वही असायची. आता बोटानं शोधायचं, दशकानुसार, गायिकेनुसार, अगदी पहिल्या शब्दावरूनही. गाणं पाठवलं की पडद्यावर शब्द येतात, अवघड चित्रलिपीच्या डोक्यावर छोट्या अक्षरांत उच्चार असतो, आणि सूर पुढे जाईल तसा अक्षरांचा रंग बदलत जातो.

ओनेसाननं पर्समधून एक वही काढली. शाळेतली असते तशी, कोपरे झिजलेली. प्रत्येक पानावर एक गाणं आणि त्याखाली तारखा. मी वाचायला लागले. मात्सुदा सेइकोचं १९८२ चं 'आकाई स्वीटपी'. खाली : १९९१, मूळ. २००४, उणे दोन. २०१९, उणे तीन. या वर्षी, उणे चार.

"हे काय?"

"की," ती म्हणाली आणि टॅब्लेटवरचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की गाणं अर्ध्या स्वरानं खाली येतं. "माझा आवाज जिथे राहतो तिथे मी गाण्याला बोलावते."

मला लगेच समजलं, कारण आपल्याकडे याला शब्द आहे : पट्टी. पंचविशीत मी भावगीतांच्या क्लासला जायचे तेव्हा माझी पट्टी काळी पाच होती. आता पेटीवर बसले तर काळी तीनच्या वर आवाज ताणावा लागतो. काळी पाच ते काळी तीन मोजून पाहा, चार अर्धस्वर. तिच्या वहीतलं 'उणे चार' आणि माझ्या घशातलं उणे चार एकच होतं. फरक एवढाच की तिनं ते तारखेसकट लिहून ठेवलं होतं आणि मी गाणंच बंद केलं होतं.

तिनं सेइको म्हटलं. ऐंशीच्या दशकात जपानमधल्या अर्ध्या मुलींनी हिच्यासारखे केस कापले होते, ओनेसाननंही. चाल युमिंग या गायिका-संगीतकार बाईची, पण तिनं ती टोपणनावानं दिलेली, 'कुरेता कारुहो', ग्रेटा गार्बोच्या नावावरून बेतलेलं. सोळा वर्षांच्या मुलीचं गाणं साठीच्या बाईच्या आवाजात ऐकताना मला कुठेही विसंगत वाटलं नाही. खालच्या पट्टीत त्या चालीतला गोडवा जरा जाड होतो, काकवीसारखा.

मी त्या दिवशी गायले नाही. लेक म्हणाली, "आई, तू पण घे ना." मी खुळखुळा हातात घेतला.

दिवस दुसरा, उएनो ते आओमोरी

उत्तरेला का, ते उएनो स्टेशनवर कळलं. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' हे गाणं इथून सुरू होतं. १९७७ चं गाणं, शब्द आकू यूचे, चाल मिकी ताकाशीची, आणि गायिका तेव्हा अठरा वर्षांची. उएनोहून रात्रीच्या गाडीनं निघालेली एक बाई आओमोरीला उतरते आणि बोटीनं सामुद्रधुनी ओलांडते, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीच्या ओळीतच गाडी सुटते आणि ती बर्फातल्या स्टेशनवर उतरलेलीही असते. सातशे किलोमीटर एका श्वासात. मधली रात्र, डबा, झोप, रडणं, काही सांगितलेलं नाही. आकू यूनं जे लिहिलं नाही ते गाणाऱ्या बाईनं आपापलं भरायचं.

ओनेसाननं मला १५ नंबरच्या प्लॅटफॉर्मजवळ नेलं. तिथे इशिकावा ताकुबोकूची कविता दगडावर कोरलेली आहे. हा कवी ईशान्येकडचा. गावाकडची बोली कानावर पडावी म्हणून तो स्टेशनच्या गर्दीत जातो, असा तिचा अर्थ. युद्धानंतरच्या वर्षांत याच स्टेशनात ईशान्येकडची पंधरा वर्षांची मुलं गाड्या भरभरून उतरली, कारखान्यांत आणि दुकानांत कामाला. त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे. त्यांच्यावरचं १९६४ चं एक गाणं स्टेशनबाहेर दगडावर आहे. मी कोकणातली. आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गिरणीत गेलेलं. त्यामुळे त्या दगडापुढून पाय लवकर निघाला नाही.

आता रात्रीची गाडी नाही. हायाबुसा ही शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तीन-सव्वातीन तासांत शिन-आओमोरीला पोचवते. २०१० च्या डिसेंबरात शिंकानसेनचा मार्ग तिथवर गेला. उएनोत डबा घेतला, मोरिओकाच्या पुढे डोंगर आले आणि झाडं निष्पर्ण होत गेली. खिडकीशी बसून ओनेसान बोटानं गुडघ्यावर ठेका धरत होती, तीन-तीनचा, त्या गाण्याचा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. बर्फ अजून खाली उतरलं नव्हतं, पण वारा उतरला होता.

दिवस तिसरा, आओमोरी

सकाळी बंदरावर. पिवळ्या-पांढऱ्या रंगाची 'हाक्कोदा-मारू' काठाला बांधलेली आहे. १९६४ पासून १९८८ पर्यंत ही बोट आओमोरी ते हाकोदाते फेऱ्या मारायची, एका बाजूला जवळपास चार तास. आता ती संग्रहालय आहे. आत गेलात तर खालच्या मजल्यावर रूळ दिसतात. रेल्वेचे डबे थेट बोटीच्या पोटात ढकलायचे. काठावरचे रूळही अजून आहेत, बोटीच्या तोंडाशी येऊन थांबलेले. मी बराच वेळ त्या रुळांपाशी उभी होते. गाण्यात रेल्वे आणि बोट यांच्यामध्ये जी खाच आहे, जिथे बाई गाडीतून उतरते आणि न बोलणाऱ्या गर्दीबरोबर चालायला लागते, ती जागा हीच.

या सामुद्रधुनीनं माणसं घेतलीही आहेत. १९५४ च्या सप्टेंबरात वादळात 'तोया-मारू' बुडाली, १,१५५ माणसं गेली. त्यानंतर समुद्राखालून बोगदा काढण्याच्या विचारानं जोर धरला. ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ ला सुरू झाला आणि त्याच दिवशी बोटींची नियमित सेवा संपली. म्हणजे गाणं आलं तेव्हा त्या बोटीला पुरती बारा वर्षंही उरली नव्हती. गाणाऱ्यांना काय माहीत! आज ते म्हणणाऱ्या बायकांपैकी ज्या त्या बोटीत बसल्या होत्या, त्यांना डेकवरच्या गार लोखंडी कठड्याचा स्पर्श आठवतो. बाकीच्यांना गाण्यातूनच तो माहीत आहे.

बोटीजवळ या गाण्याचा स्मृतिदगड आहे. जवळ गेलं की गाणं सुरू होतं. आम्ही गेलो, सायुरीचा आवाज वाऱ्यात उठला, आणि ओनेसान त्याच्या बरोबरीनं नाही, त्याच्या खालून गायला लागली. मूळ पट्टी उंच, हिची खाली, दोन्ही एकत्र बसेनात. ती थांबली आणि म्हणाली, "इथे नाही जमायचं. इथे तीच अठरा वर्षांची आहे."

रात्री एका 'स्नॅक'मध्ये गेलो. स्नॅक म्हणजे खाण्याची जागा नव्हे. आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर, मागे नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावानं राखून ठेवलेल्या बाटल्या, कोपऱ्यात कराओकेचं यंत्र, आणि हे सगळं चालवणारी बाई, जिला येणारा प्रत्येक जण 'ममा' म्हणतो. इथली ममा सत्तरीला टेकलेली. तिनं आमच्यापुढे गरम टॉवेल ठेवले, लोणच्याची वाटी ठेवली, मी दारू घेत नाही म्हटल्यावर न विचारता सफरचंदाचा रस ठेवला. आओमोरीत सफरचंद म्हणजे आपल्याकडे रत्नागिरीत हापूस.

स्नॅकचे नियम कुणी सांगत नाही, ते बघून कळतात. कुणीही गायलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सलग दोन गाणी घ्यायची नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम : दुसऱ्याचं 'ओहाको' आपण म्हणायचं नाही. ओहाको म्हणजे माणसाचं हक्काचं गाणं, जे लागलं की लोक त्याच्याकडेच बघतात. लिहिताना ते 'अठरा नंबर' असं लिहितात, काबुकीतल्या एका घराण्याच्या अठरा निवडक नाटकांवरून आलेलं. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईचं ओहाको सायुरीचं होतं, म्हणून ओनेसान ते म्हणाली नाही. सातशे किलोमीटर त्याच गाण्यामागे आली होती, तरी नाही म्हणाली. मला तिचा हा संयम फार आवडला.

त्या बाईनं म्हटलं, मासळीबाजारात काम करणारी असावी, हात तसे होते. आणि मी पहिल्यांदा नीट कान देऊन एन्का, म्हणजे जुन्या वळणाचं जपानी भावगीत, ऐकलं. स्वराच्या शेवटी ती जी छोटी वळणं घेते त्याला 'कोबुशी' म्हणतात. मुठीसाठीही हाच उच्चार आहे, पण हे आपल्या मुरकीचं भावंड. मुरकी स्वराला सजवते. कोबुशी स्वर आवरता आवरता निसटल्यासारखी वाटते. आणखी एक गोष्ट मी ओनेसानला काउंटरवर बोटानं काढून दाखवली. बऱ्याच एन्कांची सप्तकं 'योनानुकी' असतात, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर वगळून. म आणि नी वर्ज्य! शुद्ध स्वरांत केलं तर तो आपला भूप. त्यातच गंधार आणि धैवत कोमल केले की दुसरं रूप, ज्यात रडकी गाणी असतात. शिवरंजनीच्या शेजारचं घर, फक्त धैवत एक पायरी खाली. पाच स्वरांच्या या नात्यामुळेच जपानी भाषा न येणारी मराठी बाईही या गाण्यांपाशी परकी राहत नाही.

दहा वाजता ममानं स्वतः माइक घेतला. मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नी', नदीच्या प्रवाहासारखं. १९८९ च्या जानेवारीत सम्राट गेले, शोवा युग संपलं, आणि चारच दिवसांनी ही रेकॉर्ड दुकानात आली. त्याच जूनमध्ये हिबारी गेली, वय ५२. ममा म्हणाली, "माझी थोरली बहीण लग्न होऊन हाकोदात्याला गेली. बोट होती तोवर वर्षातून दोनदा यायची. बोगदा झाला, प्रवास निम्म्यावर आला, आणि ती यायची थांबली." का, ते तिनं सांगितलं नाही. मशीनची पट्टी तिनं उणे पाचवर नेली होती.

दिवस चौथा, दिवसभर गाडी

आओमोरी ते तोक्यो, तोक्यो ते ओकायामा. दोन शिंकानसेन, साडेसहा तास बसून.

दुसरी गाडी पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीची होती. सुटल्यावर घोषणेआधी एक छोटी धून वाजली आणि ओनेसानचा हात संत्रं सोलता सोलता थांबला. 'ई ही ताबिदाची'. यामागुची मोमोएचं १९७८ चं गाणं, तानिमुरा शिंजीनं लिहिलेलं, तेव्हाच्या सरकारी रेल्वेनं प्रवासाच्या मोहिमेसाठी घेतलेलं. ती सरकारी रेल्वे १९८७ मध्ये तुकड्या होऊन संपली, धून अजून गाडीत आहे.

मोमोएबद्दल जपानी बायका विशिष्ट आवाजात बोलतात. चौदाव्या वर्षी आली, एकविसाव्या वर्षी लग्न ठरवून थांबली. ५ ऑक्टोबर १९८० ला तोक्योच्या बुदोकान सभागृहात शेवटचं गाणं म्हटलं, पांढरा माइक स्टेजवर ठेवला आणि आत गेली. परत कधीही आली नाही. ओनेसान तेव्हा पंधरा वर्षांची. "आम्ही सगळ्या घरच्या टीव्हीपुढे रडलो. मला राग पण आला होता. मग माझं लग्न झालं, मी बँकेतली नोकरी सोडली, तेव्हा ऑफिसातल्या मुलींनी मला कराओकेत नेलं आणि मी तिचंच गाणं म्हटलं. माइक खाली ठेवताना मला तिची आठवण झाली." एवढं बोलून तिनं संत्र्याच्या फोडी मोजून माझ्या हातात ठेवल्या.

दिवस पाचवा, ओकायामा

सकाळी कोराकुएन. १७०० साली पुरी झालेली बाग, इकेदा घराण्याच्या सरदारानं केलेली. पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. मला तिथे विचित्र वाटलं, खरं सांगायचं तर घरी आल्यासारखं. तीच वळणं, पाण्याचा तोच हळू प्रवाह, हिरवळीचे तेच उंचवटे. फक्त सिंहगड रस्त्याचे हॉर्न नाहीत. ओनेसान एका पुलावर थांबली आणि मी म्हटलं, "आता सांग."

"सेतो नो हानायोमे," ती म्हणाली. सेतोची नवरी. कोयानागी रुमिकोचं १९७२ चं गाणं. सेतोच्या आतल्या समुद्रातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, संध्याकाळी, लहानशा बोटीतून नवरी सासरी चालली आहे. ओनेसान स्वतः अशाच एका बेटावर जन्मली. तिची आई बोटीतून नवरी होऊन आली. मी तिला माझ्या आजीचं सांगितलं. आजी दाभोळची, सासर खाडीपलीकडे धोपाव्याकडे. वऱ्हाड तरीतून गेलं होतं. होडी अर्ध्या खाडीत आली तेव्हा आजीनं मागे वळून पाहिलं तर काठावरचे सगळे सारख्याच उंचीचे दिसत होते, त्यात आई कोणती ते ओळखू येईना, असं ती सांगायची. ओनेसाननं हे ऐकून माझा दंड धरला आणि आम्ही तशाच पुलावरून उतरलो.

मग स्टेशनवर गेलो. सेतो पुलाकडे जाणारी गाडी फलाटावर येते तेव्हा याच गाण्याची धून वाजते. ताकामात्सूची मरीन लायनर पकडली, अर्ध्या तासाच्या आत गाडी पुलावर चढली. सेतो ओहाशी, वर मोटारी, खाली रेल्वे, समुद्रावरची लांबी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. लोखंडी पट्ट्यांच्या आडून बेटं दिसत जातात, एक-एक गाव, एक-एक धक्का. हा पूल १० एप्रिल १९८८ ला सुरू झाला. बोगदा १३ मार्चला, पूल १० एप्रिलला. एकाच वसंतात उत्तरेची रेल्वेची बोट बंद झाली आणि दक्षिणेचीही. आता मला कळलं की ओनेसाननं मला आधी उत्तरेला का नेलं. तिची दोन्ही गाणी पाण्यावरची, आणि दोन्ही पाणी आता लोक बसल्या बसल्या ओलांडतात. माझ्या मते या बायका कराओकेत जाऊन तारुण्य आठवत नाहीत. निरोपाला लागायचा तो वेळ त्यांना परत हवा असतो. बोट काठ सोडून दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ. गाडीनं तो नेला, गाणं चार मिनिटं तरी तो देतं.

दुपारी वर्गमैत्रिणी. नऊ जणी. शाळा केव्हाच बंद पडली, बेटावर मुलंच उरली नाहीत. खोली मोठी होती, बारा माणसांची. आणि हेही ओकायामातच घडणं मला फार योग्य वाटलं, कारण कराओकेची अशी स्वतंत्र खोली पहिल्यांदा याच भागात निघाली, १९८५ साली, मालवाहू कंटेनर बदलून केलेली. त्याआधी कराओके म्हणजे बार आणि स्नॅक, म्हणजे मुख्यतः पुरुषांची रात्र. दारू न घेता, भर दुपारी, दार लावून बायकांनी गायची सोय त्या लोखंडी डब्यानं केली. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, मला मात्र ती मोठी गोष्ट वाटते.

पहिला अर्धा तास कुणीच सुरुवात करेना. "तू घे", "नाही, तू आधी", अगदी आपल्या हळदीकुंकवात नाव घ्यायला सांगितल्यावर होतं तसं. मग दोघींनी मिळून 'मोमेन नो हांकाचीफु' घेतलं, १९७५ चं. गाण्यात मुलगा शहराला गेला आहे, मुलगी गावी. अर्धं कडवं तो बोलतो, अर्धं ती. तो बदलत जातो. शेवटी ती एकच वस्तू मागते, डोळे पुसायला सुती रुमाल. एकीनं मुलाचं म्हटलं, दुसरीनं मुलीचं. मुलाचं म्हणणारी बाई खरोखरच सतराव्या वर्षी बेट सोडून ओसाकाला गेली होती, आणि मुलीचं म्हणणारी आजही बेटावर संत्र्याची बाग सांभाळते. त्यांनी हे जाणून वाटून घेतलं होतं का, मी विचारलं नाही. शेवटच्या कडव्याला मुलाचं म्हणणारीनं माइक खाली घेतला आणि नुसती ऐकत बसली.

एकीनं तेरेसा तेंगचं 'तोकी नो नागारे नी मी ओ माकासे' म्हटलं, १९८६ चं. तैवानची ही गायिका जपानी बायकांनी आपली केली. १९९५ मध्ये थायलंडमध्ये दम्याच्या आजारात गेली, ४२ वर्षांची होती. या गाण्याला कुणीच पट्टी उतरवत नव्हतं. तेंगचा आवाज मुळातच कानाशी बोलल्यासारखा, खाली, आरामात बसणारा. ज्यांना पट्टी बदलायचा संकोच वाटतो त्या बायका हे गाणं का निवडतात ते कळलं.

सगळ्यात शेवटी नऊ जणींनी उभं राहून 'सेतो नो हानायोमे'. नऊ जणींची पट्टी कुठली ठेवायची? वाद झाला. उणे तीन, उणे पाच, एक जण म्हणे मूळच ठेवा. ओनेसाननं वही उघडून सगळ्यांकडे पाहिलं आणि उणे चार लावलं. वर न पोचणाऱ्यांनी वरचं सोडून दिलं, खाली न उतरणाऱ्यांनी खालचं. कुणाचं काय सुटलं ते ऐकू आलं नाही.

दिवस सहावा, कोबे

परतीच्या वाटेवर कोबेला उतरलो, चार तासांसाठी. सान्नोमियाच्या मागचे उतार, लहान लहान बार. १९७१ मध्ये इनोऊए दाइसुके यानं इथेच आपली पहिली अकरा यंत्रं बारमध्ये भाड्यानं ठेवली. नाणं टाकलं की टेपवर साथ वाजायची, आवाज नसायचा, तो गाणाऱ्याचा. इनोऊए स्वतः बारमध्ये साथ करणारा वादक. एका गिऱ्हाइकाला सहलीला साथ हवी होती, याला जाता येईना, म्हणून त्यानं त्या माणसाच्या गळ्याला सोसेल अशी साथ टेपवर भरून दिली. पेटंट त्यानं घेतलंच नाही. म्हणजे या यंत्राची सुरुवातच एका माणसाची पट्टी सांभाळण्यातून झाली.

पाऊस होता. धक्क्यावर थोडं चाललो, कॉफी प्यायलो, गाडी पकडली.

दिवस सातवा, निशी-कसाई

उद्या माझं विमान. ओनेसाननं सकाळी स्टेशनवर निरोप घेतला. जाताना तिनं वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं. वर एकच नाव, 'कॉसमॉस', आणि खाली जागा मोकळी.

'कॉसमॉस' हे मोमोएचं १९७७ चं गाणं, सादा मासाशीनं लिहिलेलं. त्यानं आधी नाव ठेवलं होतं 'कोहारु बियोरी', म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारे ते दोन-चार उबदार दिवस. हा आठवडा नेमका तसाच होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी घरात आहे. आई बागेत बारीक खोकते आहे, जुने फोटो काढून तेच तेच बोलते आहे. हे जिला ऐकू येतं ती अजून गेलेली नाही, पण उद्या जाणार आहे. गाण्यात रडणं जवळजवळ नाही. सामान बांधणं आहे. कॉसमॉसची फुलं आमच्या वाड्याच्या मागेही होती, गुलाबी, उंच दांड्यांची, वाऱ्यानं आडवी होणारी. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझी आई दिवसभर डबे पुसत होती. रिकामे डबेसुद्धा. मी तिला "बस कर गं" म्हटलं होतं.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, "चल, तासभर जाऊ."

तीच इमारत, या वेळी सहावा मजला. लेकीनं आल्याचा गरम चहा आणला. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी काय करत होते, मला आठवत नव्हतं. तिला विचारलं.

"तू माझी बॅग तीनदा उघडून परत भरलीस," ती म्हणाली. "मला राग आला होता."

मी टॅब्लेटवर गाणं शोधलं. पडद्यावर नाव आलं, 秋 आणि 桜 ही दोन अक्षरं, शरद आणि साकुरा. या अक्षरांचा उच्चार 'कोसुमोसु' करायची सवय जपानला याच गाण्यानं लावली. पेटीची साथ नसलेल्या खोलीत माइक हातात धरून उभं राहायची मला सवय नाही. पहिल्या ओळीतच वरचा स्वर आला आणि माझा आवाज मध्येच तुटला. मी थांबले. साथ तशीच पुढे चालली होती, अक्षरांचा रंग बदलत होता.

लेकीनं काही न बोलता टॅब्लेट ओढून घेतला. एकदा दाबलं, दोनदा, माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा, आणि मग चौथ्यांदा. गाणं पहिल्यापासून लावलं. पर्समधलं ते पान काढून तिनं टेबलावर पसरलं, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि आजची तारीख घातली.